हॉलला एक तरी भिंत

आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशांपेक्षा किस्से जास्त साठतात. नवा नकाशा आला की जुना रद्द होतो. किस्से मात्र कुणी रद्द करत नाही. लग्न होऊन मी साताऱ्याहून म्हैसूरला आले आणि दोन महिन्यांत कुवेंपुनगरमधल्या अशाच एका ऑफिसात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. कन्नड अजून कच्चं, त्यात स्वभाव कमी बोलण्याचा. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं!

आम्ही तिघं. सर, ड्राफ्ट्समन मूर्ती आणि मी. हातात एकच मोठं काम, शहराच्या कडेला बोगादी भागातला चौदा मजली टॉवर. त्याच टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर माझ्या नवऱ्याने फ्लॅट घेऊन ठेवलाय, पण सासूबाई तिथं यायला तयार नाहीत. त्या म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे नवरात्रात सात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, सगळ्यात वर राजा-राणी. त्यांची अट एकच.

"हॉलला एक सरळ भिंत पायजे. भिंत नाही तर मी पण नाही. तुम्ही दोघं जावा."

त्यांना एकटं मागे ठेवून जायचं आम्हा दोघांच्याही जिवावर आलेलं. एक भिंत, त्यात काय अवघड, असं वाटेल. पण तुम्ही आमचे बिल्डर शिवण्णा पाहिले नाहीत!

*

पहिल्याच मीटिंगला शिवण्णांनी मोबाइलवर दुबईच्या एका टॉवरचा फोटो दाखवला. (त्यांचं कन्नड मी माझ्या मराठीत देतेय.)

"सार, अस्संच पायजे."

"शिवण्णा, ती बिल्डिंग समुद्रकाठची आहे."

"मग? आपल्याकडे तळं आहे की!"

*

तळघरात आणखी दोन गाड्या बसाव्यात म्हणून शिवण्णांनी एक खांब थोडा सरकवायला लावला. सर नको नको म्हणत होते. तो खांब वर प्रत्येक मजल्यावर बेडरूममध्ये उगवला, पलंगापासून हातभर अंतरावर, नेमका कपाटाच्या जागेत.

सॅम्पल फ्लॅट बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, "हा इथं कशाला?"

शिवण्णा पुढे झाले. "मॅडम, कपाट कुठं ठेवायचं यावरून नवरा-बायकोत किती भांडणं होतात! आम्ही तो प्रश्नच शिल्लक ठेवला नाही."

माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. मला ते बऱ्यापैकी पटलं.

*

बाहेरून रुबाबदार दिसावं म्हणून दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्या आल्या. त्या नेमक्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांसमोर! सरांनी शिवण्णांना भर दुपारी बाराला साइटवर नेलं आणि स्वयंपाकघरात उभं केलं. एकमेकांची तोंडं दिसेनात.

"बघा आता. इथं बाई भाजी कशी निवडणार?"

शिवण्णा तावातावाने आम्हाला खाली साइटच्या ऑफिसात घेऊन आले. टेबलावर टॉवरचं हातभर उंचीचं मॉडेल होतं. त्याच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "यात तर केवढा लख्ख उजेड आहे!"

मॉडेलच्या आतले दिवे मूर्तीनेच लावले होते.

*

नियमावलीत एक कलम होतं, बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, बिल्डिंगचा लूक जातो. ते मी घरी वाचून दाखवलं. आमच्या नकाशातल्या बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या आणि दोन कप काढलेले. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"अय्यो! सुम्ने दोन कप ठेवायला एवढी जागा? आणि कपडे?" त्यांचं सुम्ने म्हणजे आपलं उगीच.

"घरात वाळवायचे म्हणे, आई."

"मग त्या शिवण्णाला विचार, आम्ही कपडे घातलेले चालतात ना, लूकला?"

*

आणि मग ती भिंत गेली! शिवण्णांनी कुठंतरी ओपन प्लॅन पाहिला. "हॉलची भिंत काढा, सगळी काच करा." सर तीन मीटिंग भांडले. मी तिन्ही वेळा बोलायचं ठरवून गेले आणि चहा पिऊन परत आले.

शेवटी मी एकच केलं. आमच्या सहाव्या मजल्याच्या शीटवर भिंत ठेवली आणि तिला लागून बाहुल्यांच्या सात पायऱ्या काढल्या, सात सरळ रेघा. म्हटलं, कुणीतरी विचारेल हे काय, मग तोंड उघडता येईल.

कुणी विचारलं नाही. मूर्तीने ती शीट इतर कागदांबरोबर साइटवर पाठवली.

महिन्याभराने एका रविवारी शिवण्णांनी सासूबाईंना फ्लॅट दाखवायला बोलावलं. सरही आले. दार उघडलं तर हॉलमध्ये भिंत, आणि भिंतीला लागून विटांचा, गुळगुळीत प्लास्टर केलेला सात पायऱ्यांचा जिना. वर काही नाही, नुसतं छत!

शिवण्णांनी मेस्त्रीला हाक मारली. "हा जिना कुठं जातो?"

"नकाशात होता, अण्णा."

सर म्हणाले, "अरे, पण जिना कुठंच जात नाही हे दिसलं नाही? विचारायचं तरी!"

मेस्त्रीने डोक्याचा पंचा सोडून घाम पुसला. "सार, या बिल्डिंगमध्ये मी विचारायचं केव्हाच सोडलंय."

शिवण्णा लालबुंद. "उद्याच फोडतो, अम्मा. काच पण येईल."

सासूबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या पायऱ्यांपाशी गेल्या, बोटांनी पायरीची रुंदी मोजली. टाचा उंच करून आपली पर्स सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली. तिच्या खालच्या पायरीवर माझी पाण्याची बाटली. मग मेस्त्रीच्या हातातली थापी मागून घेतली आणि तीही मांडली. दारापर्यंत मागे सरकल्या आणि मान तिरपी करून बघत राहिल्या.

"शिवण्णा," त्या म्हणाल्या, "किल्ली नवरात्राच्या आधी पायजे."