मी फोरमला विरोध का केला

जास्वंदवाल्यांच्या त्या सभेत मी तत्त्वासाठी उभी राहिले होते, असं दोन-चार जण अजूनही समजतात. भली माणसं आहेत, समजू देत. तुम्हाला मात्र खरं सांगते: मला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता.

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. निगडीला आमच्या गच्चीवर जास्वंदीच्या साठेक कुंड्या होत्या. निगडीपासून चाकणपर्यंत असंच वेड लागलेल्या चाळीसेक माणसांचा आमचा मेल-ग्रुप होता. एकानं मेल टाकली की सगळ्यांना जायची आणि उत्तरही सगळ्यांना दिसायचं. लावायच्या काड्यांची देवाणघेवाण कंपन्यांच्या बसमधून चालायची. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी निगडीला चढायची आणि मोशीला किंवा निघोज्याच्या फाट्यावर उतरायची. काडी ड्रायव्हरशेजारच्या इंजिनावर ठेवायची नाही, एवढा एकच नियम. सुरुवातीला कुणीतरी ठेवली होती, तिची भाजी झाली.

या ग्रुपमध्ये माझा शब्द शेवटचा. आणि तो शब्द पोचायचा असा: आमचे हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते. ग्रुपच्या मेल ते ऑफिसात छापायचे, तेही बाद झालेल्या ड्रॉइंगच्या कोऱ्या बाजूला, आणि रिकाम्या डब्याच्या पिशवीतून घरी आणायचे. मी डबा घासायच्या आधी त्या वाचायची. मेलला लोणच्याचा वास असतो, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. समासात मी पेन्सिलीनं उत्तरं लिहायची आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे ती टाइप करायचे.

टाइप करताना ह्यांच्या हाताला लागलेली कंपनीच्या रिपोर्टची सवय सुटायची नाही. मी लिहायची, "पिठ्या ढेकूण झालाय, साबणाचं पाणी मार." ग्रुपवर पोचायचं ते असं: "समस्या: पिठ्या ढेकूण. मूळ कारण: कुंड्यांमधलं अंतर अपुरं. तात्पुरता उपाय: साबणाचं पाणी. कायमचा उपाय: दर गुरुवारी पानांची खालून तपासणी. जबाबदारी: घरातली व्यक्ती." लोक खूश. एकानं विचारलं होतं, "काकू, तुम्ही कुठल्या कंपनीतून रिटायर झालात?" मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणण्यापेक्षा गप्प राहिलं की माणूस मोठा दिसतो.

एकदा तर कमाल झाली. कुंडीच्या तळाला भोक केवढं पाडायचं, असं कुणीतरी विचारलं होतं. मी लिहिलं, "बोट जाईल एवढं." ह्यांनी घाईत कागद उलटा धरला आणि मागच्या ड्रॉइंगवरचं माप टाकून दिलं: बारा मिलिमीटर, अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य पाच. आमचे निम्मे सभासद टूलरूमचे, केसाएवढं अंतर मोजणारे. कुणीही हसलं नाही. आठवड्याभरात एकाची मेल आली: "काकू, माझं शून्य पूर्णांक शून्य आठनं जास्त जातंय. कुंडी रिजेक्ट करू का?" मी मोठ्या मनानं ती चालवून घेतली.

असं माझं राज्य चाललेलं असताना मोशीला नवा फ्लॅट घेतलेल्या एका कॉम्प्युटर इंजिनिअरनं मेल टाकली. रोज पन्नास मेल येतात, जुनं उत्तर सापडत नाही, कळ्या का गळतात हे वर्षातून बारा वेळा विचारलं जातं. तेव्हा आपण वेबवर फोरम काढू. तिथं प्रत्येक विषयाचा वेगळा कप्पा, प्रत्येकाचं स्वतःचं खातं.

"बरं आहे की," मी ह्यांना म्हटलं. "तुम्ही तिथून छापून आणा."

"फोरम कंपनीत उघडत नाहीत. ब्लॉक असतात."

"मग?"

"मग काय. तुझं तू लिहायचं."

चाळीस माणसांत आपली अक्कल उघडी पडणार, एवढंच दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी संस्कृतीच्या बाजूनं लढायला लागले. मेल आपल्या दारी येते, फोरमच्या दारी आपण जायचं. पाहुण्यानं घरी यावं की यजमानानं पाहुण्याला शोधत हिंडावं? असं बरंच काही. हे टाइप करताना म्हणायचे, "अगं, हे तुला स्वतःला तरी पटतंय का?" मी म्हणायची, "तुम्ही बटणं दाबा."

शेवटी मोशीला त्याच्या गच्चीवर सभा ठरली, गुरुवारी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या बिचाऱ्या इंजिनिअरला आपल्याच सभेसाठी रजा काढावी लागली. मी भाषण केलं. काय बोलले आठवत नाही, पण मधेच माझा मलाच गहिवर आला होता, तेवढं आठवतं.

इंजिनिअर मोठा गुणी. रागावला नाही. त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काकू, तुमचा विरोध मान्य. पण फोरम झालाच, तर पहिलं उत्तर तुमचंच हवं. हा प्रश्न बघा, कळ्या गळतायत. दोन ओळी लिहा, मग मत घेऊ."

सगळे वाकून बघायला लागले. मी पदरानं हात पुसले. चष्मा पुसला. मग चष्म्याची दांडी पुसली. पुसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नेहमीच्या सवयीनं मान मागे वळवली आणि ह्यांना म्हणाले, "अहो, लिहा."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

निघोज्याचे एक शेतकरी होते, दुहेरी पिवळ्या जास्वंदीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ते कोपऱ्यातून म्हणाले, "ताई, त्यात लाजायचं काय? माझं तरी कुटं मी लिवतो? सूनबाई लिवती. मी नुस्ता वरडतो."

मग एकेकाचं बिंग बाहेर पडायला लागलं. एका सुपरवायझरचं सगळं बायको लिहायची. एका मास्तरीणबाईंचा भाचा कोल्हापूरहून लिहायचा, त्यानं जास्वंद पाहिलेलीसुद्धा नव्हती. हिशेब केला तर चाळीसांत स्वतःच्या बोटांनी लिहिणारे अकरा निघाले.

मत घेतलं. फोरमच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो आमच्या ह्यांचा.

"फितूर," मी म्हणाले.

"सहा वर्षं जेवणाची सुट्टी ढेकणांत गेली माझी," हे म्हणाले. आजूबाजूच्या सगळ्या लेखनिकांचे हात भराभर वर गेले. फोरम झाला.

घरी कॉम्प्युटर आला. इंजिनिअर दोन गुरुवार, तेही रजा काढून, मला शिकवून गेला. मी एका बोटानं अर्धा तास खपून कळ्या गळण्यावरचं पहिलं उत्तर स्वतः लिहिलं: "पाणी रोज ठरल्या वेळी घाल. कुंडी सारखी हलवू नकोस." दहा मिनिटांत खाली प्रश्न आला: "काकू, बरं नाही का तुम्हाला? मूळ कारण नाही लिहिलंत." दुसऱ्यानं तर मला आधी ओळख पटवायला सांगितलं.

त्यावर ज्यांनी आयुष्यात कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्या आमच्या ह्यांनी गुपचूप स्वतःचं खातं काढलं. माझ्या उत्तराखाली तेच उत्तर समस्या-मूळ कारणाच्या चौकटीत घालून दिलं, आणि वर "जबाबदारी: कुंडी हलवणारी व्यक्ती." लोकांनी ह्यांचे आभार मानले. महिन्याभरात ह्यांना 'सर' म्हणायला लागले. माझं राज्य घरातल्या घरात गेलं.

मी सोडते होय? ह्यांनी कायमचा उपाय लिहिला की मी खाली लिहायची, "यांना विचारा, जास्वंदीचं पान कसं दिसतं." हे लिहायचे, "वरील शेरा विषयाला धरून नाही." एक बोट असलं तरी रागात ते फार वेगानं चालतं, हे मला तेव्हा कळलं. बाकीच्यांना कळ्यांशी काही देणंघेणं राहिलं नाही. ते सकाळी चहाबरोबर आमचं भांडण वाचायला यायचे. तिसऱ्या आठवड्यात इंजिनिअरनं कळ्यांचा तो कप्पा बंद केला आणि मला फोन लावला.

"काकू, हे सगळं तुम्ही घरी बोलाल का?"

"बोलले असते रे," मी म्हटलं, "पण ते घरी भेटतात कुठं? सारखे फोरमवर असतात."