सासऱ्यांची वरची खोली

घाई हा शब्द माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात फक्त दुसऱ्यावर डाफरण्यापुरता वापरला. गारखेड्यातल्या त्यांच्या घरावर एक खोली चढवायची होती. आमच्या लग्नाआधी जिना झाला. आमचा मुलगा शाळेत जाऊ लागला तरी तो जिना आभाळातच संपत होता आणि सासूबाई पायऱ्यांवर पापड वाळवत होत्या.

प्रत्येक भिंतीनं एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितल्याशिवाय तिच्यावर पुढचा थर चढवायचा नाही, असं त्यांचं मत. "जावईबापू, शिमिटाला घाई सोसत नाय," म्हणत ते भिंतीला पाणी मारत आणि मग तापातल्या लेकराला लावावा तसा तिला हात लावून बघत. खिडकी आधी पूर्वेला ठेवली. पेपर वाचताना डोळ्यांवर ऊन येईल म्हणून बुजवली. मग दक्षिणेला काढली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस टक लावून बघते म्हणून तीही बुजवली.

गवंडी एकच, पडेगावचे चाचा. ते आणि सासरे निजामाच्या राज्यात एका बाकावर उर्दू शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर चाचांचे भाऊबंद हैदराबादला गेले, चाचा राहिले. पुढं हात थरथरू लागला, तशी त्यांची बाकीची कामं सुटली. सकाळी येऊन ते चार विटा लावत. सासरे ओळंबा धरून एक डोळा मिटत.

"टेढी है भाई, निकाल."

"तेरी नजर टेढी है. मास्तर उगंच मारत व्हते का तुला?"

मग वीट निघे, चहा येई आणि दोघं शाळेतले शेर आठवत बसत. एकाला पहिली ओळ आठवे, दुसऱ्याला भलत्याच शेराची दुसरी.

सासरे चिक्कू म्हणून काम रखडलं, असं नातेवाईक आजही सांगतात. तसं नव्हतं. आणि ते अचानक पुरं का झालं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आमच्या धाकटीच्या बारशाला पंगतीत मी नेहमीसारखा त्या खोलीवरून लोकांना हसवत होतो. "अहो, ती खोली नाही, म्हाताऱ्या गवंड्याची पेन्शन आहे. असल्या हाताला दुसरीकडं कोण उभं करतंय?" सगळे खदखदले. वळून पाहिलं तर मागच्या पानावर चाचा. तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी चाचा दोन जवान गवंडी घेऊन आले. महिन्याभरात भिंती, छत, गिलावा, सगळं उरकलं. सासरे मागं मागं फिरत, "अरे, ही वीट बघ," म्हणत राहिले. "चलता है भाई," म्हणून चाचा पुढच्या थराला लागत. शेवटच्या दिवशी त्यांनी थापी धुतली, सलाम केला आणि पुन्हा आले नाहीत.

नव्या खोलीत सासऱ्यांचं मन रमेना. एके सकाळी पिशवीत ओळंबा घालून निघाले.

"कुठं?" मी विचारलं.

"पडेगावला. त्याला घरापुढं ओसरी काढायचीय म्हणे."

"चाचा म्हणाले?"

"नाय. मीच म्हणालो."

मग रोज बसनं जाऊ लागले. संध्याकाळी मोठ्या खुशीत सांगत, "पाया खांदला आज. वाकडा गेला. बुजवला."

शेवटी मी माफी मागायला गेलो. दोघं गुडघ्याएवढ्या भिंतीवर बसून कुठल्याशा ओळीवरून भांडत होते. चाचा थोडे सरकले. "बैठो दामाद." मी दोघांच्या मधे बसलो. ओळ काही सापडली नाही आणि माझं बोलणंही राहून गेलं.

आता दोघंही नाहीत. भिंत अजून गुडघ्याएवढीच आहे.