आगाश्यांच्या मीमीचं पहिलं वर्ष

कलकत्त्यात चार मराठी माणसं जमली की आधी बदल्यांचा विषय निघतो, मग मुंबई मेल किती लेट आली त्याचा. चहाचा दुसरा कप आला की कुणीतरी म्हणतंच, "ए, मीमीचा तो किस्सा सांग ना!" हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत, ते आपोआप साठले. कारण त्या वर्षी गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे कॉलनीत प्रत्येक जण दुसऱ्यावर नजर ठेवून होता. एवढी नजर ठेवल्यावर किस्से सापडणारच!

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये मनोहर आणि शालिनी आगाशे राहायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शालिनीचा भाऊ बोटीवर डॉक्टर, रंगूनच्या फेऱ्या करायचा. तिथल्या एका अनाथाश्रमात त्याने आईबाप गेलेली दोन वर्षांची मुलगी पाहिली आणि बहिणीला कळवलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, शिक्के बसले, आणि एके दिवशी मीमी किदरपूरच्या धक्क्यावर उतरली. इतकी सरळ गोष्ट! पण सरळ गोष्टीवर विश्वास ठेवायला कॉलनीत कुणाला वेळ होता?

*

पहिल्याच आठवड्यात समोरच्या कानिटकरकाकू मुलगी बघायला आल्या. हातात झबलं, डोळ्यांत दुर्बीण. काकू नुकत्याच नागपूरहून बदलून आल्या होत्या आणि त्यांना कलकत्त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा संशय होता. इथलं मोहरीचं तेल, इथले रिक्षावाले, इथल्या दुधावरची साय, सगळंच.

त्यांनी मीमीची हनुवटी धरून चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मीमीनेही काकूंचा चेहरा तसाच डावीकडून, उजवीकडून पाहिला. मग काकू शेजारी बसलेल्या माझ्याकडे वळून, पण शालिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मनोहरराव मध्यंतरी कधी रंगूनला गेले होते का हो?"

शालिनी शांतपणे म्हणाली, "काकू, ट्रॅम बदलायची म्हटलं तरी यांना घाम फुटतो. रंगूनला जाण्याची धमक असती, तर मी हार घालून बोटीवर पोचवायला गेले असते!"

काकू झबलं तेवढं ठेवून गेल्या.

*

पण खरं सांगू का? सगळ्यांत संशयी कुणी असेल तर ती मीमीच होती!

ती रडायची नाही. हट्ट करायची नाही. पायातले बूट काढू द्यायची नाही आणि दाराच्या अगदी जवळ बसायची. इथून पुढे आपल्याला कुठे नेणार आहेत, याची वाट बघत असल्यासारखी. ते बघून शालिनीचं काय होत असेल!

जेवणाची तर निराळीच तऱ्हा. वरणभात समोर ठेवला की शालिनीने आधी खाऊन दाखवायचा. तिने खाल्ला की मीमी दोघींची ताटं बदलायची आणि शालिनीच्या ताटातलं जेवायची! मनोहरभावजी मला म्हणाले, "वहिनी, ऑफिसात आमचे साहेब माझ्या फायली इतक्या बारकाईने तपासत नाहीत."

एक दिवस मीमी घरात दिसेना. शालिनीने सगळी कॉलनी डोक्यावर घेतली. मुलगी सापडली शेजारच्या मिनतीदींच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून माशाचा पातळ झोल आणि भात ओरपत. ताटाची अदलाबदल नाही, काही नाही! मिनतीदी कौतुकाने म्हणाल्या, "ए मेये तो बांगाली!" ही पोर तर बंगालीच!

तो दिवस शालिनीने रडून काढला. दुसऱ्या दिवशी डोळे पुसले, पदर खोचला आणि जन्मात मासळीला हात न लावलेली ती बाई मिनतीदींकडून मासा कापायला शिकली. संध्याकाळी वास जिना चढून माझ्या घरात आला, रस्ता ओलांडून काकूंच्या घरात गेला. पाच मिनिटांत काकू हजर. "मनोहरराव, काय शिजतंय हो एवढं?"

"तुमचाच संशय काकू," भावजी म्हणाले. "झाकण ठेवलंय, तरी वास येतोच!"

*

मीमीला सगळ्यांचा संशय, तसा शालिनीला दारावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाचा. हा माझी मुलगी परत न्यायला आला असेल, एवढीच धास्ती. पोस्टमनला ती खिडकीतूनच "क्या काम है?" विचारायची. बिचारा पत्र दाराखालून सरकवून पळायचा.

त्यात एकदा देवीची लस टोचणारे आले. खाकी शर्ट, हातात पेटी. त्यांच्यातल्या एकाने मीमीकडे बोट दाखवून विचारलं, "ये बच्ची कहाँ से आयी?" रोजचाच प्रश्न असेल त्याचा. पण शालिनीने मीमीला उचललं, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी!

तो माणूस आणखी संशयाने बघायला लागला. घरात कुणी आजारी तर नाही? नेमक्या त्याच वेळी, न्हाणीघरात काय लपवलंय ते बघायला कानिटकरकाकू आत आल्या. "मैं इस घर की नहीं हूँ!" असं त्या ओरडत होत्या, पण लपवाछपवी करणाऱ्यांवर त्या माणसाचा विश्वास उरला नव्हता. त्याने त्यांचा दंड धरून टोचलंच!

मीमीच्या दंडावर रंगूनला टोचल्याची चांगली ठसठशीत खूण होती. शालिनीने नुसती बाही वर केली असती तरी भागलं असतं.

*

दिवाळीनंतर साताऱ्याहून शालिनीच्या सासूबाई आल्या, माई. हावड्याला उतरल्यापासून त्यांचं सुरू. कूळ कोणतं, जात कोणती, देवघरात शिवू द्यायची की नाही? मीमीशी त्या बोलत नव्हत्या. मीमीही दुरून त्यांना निरखत होती.

एके दुपारी माईंनी कवळी काढून वाटीत ठेवली. मीमी खांबाआडून बघत होती. तिचे डोळे एवढे मोठे झाले! म्हणजे या घरातल्या माणसांचे दात निघतात?

त्यानंतर दोन दिवस तिने घरादाराची तपासणी केली. शालिनीचे दात ओढून पाहिले, भावजींचं नाक पिरगाळून पाहिलं, माझी वेणी खेचली, काकूंचा कान. कुणाचं काहीच निघेना. शेवटी ती माईंसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवलं. माईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच कवळी काढून दाखवली. मीमी हसली. त्या घरात पहिल्यांदा हसली!

"पुन्हा दाखवू?" माईंनी विचारलं. मग दिवसभर तोच उद्योग. संध्याकाळी मुलाने हटकलं तेव्हा म्हणाल्या, "कुळाचं बघू रे सावकाश. पोरीला माझी किंमत कळली, ते काय थोडं आहे?"

*

संक्रांतीला माईंनीच बोरन्हाणाचा घाट घातला. शेगडीपाशी बसून स्वतः हलवा केला, दागिने गुंफले. काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट घातलेली मीमी पाटावर बसली होती आणि मुकुटाचा संशय आल्यामुळे तो चाटून बघत होती. चुरमुरे, बोरं, रेवड्या तिच्या डोक्यावरून ओतल्या. कॉलनीतली बंगाली मुलं जोरात तुटून पडली.

पण बोर एकही मुलगा खाईना! चुरमुरे खाल्ले, रेवड्या खाल्ल्या, बोरं मात्र गुपचूप खिशात. मी एकाला म्हटलं, "खा ना!" तर त्याने मान हलवून तोंड घट्ट मिटलं.

काकू माझ्या कानाशी लागल्या. "बघितलंत? घरून शिकवून पाठवलंय. या पोरीच्या अंगावरून पडलेलं खायचं नाही म्हणून!"

हे शालिनीने ऐकलं. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. त्या दिवशी मलाही ते खरं वाटलं. इतका राग आला त्या शेजाऱ्यांचा! आठ-दहा दिवस शालिनी मिनतीदींशी बोलली नाही. मिनतीदी गोंधळल्या, मग त्याही रुसल्या.

सरस्वतीपूजेच्या दिवशी सकाळी आगाश्यांच्या दारात मुलांची ही गर्दी. पिवळे कपडे घातलेली, देवीसमोर फुलं वाहून तडक आलेली. सगळ्यांच्या हातात सुकून सुरकुतलेली ती बोरं! मिनतीदींचा मुलगा शालिनीला म्हणाला, "काकीमा, एबार खाबो?" आता खाऊ?

मागून मिनतीदी आल्या. सरस्वतीची पूजा होण्याआधी बोर खाल्लं तर विद्या येत नाही, परीक्षेत नापास होतात, असं इथे मानतात. बंगालातलं शेंबडं पोरही हे जाणतं. जाणत नव्हतो ते आम्ही, जानेवारीत बोरं उधळणारे! शालिनीने मिनतीदींना अशी मिठी मारली की दोघींच्या साड्या चुरगळल्या.

काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तरी पण, एवढे दिवस बोरं टिकली कशी?"

*

आणि मग तो शेवटचा. हा सांगताना मी अजून मध्येच थांबते.

वर्ष होत आलं होतं. शालिनीच्या भावाकडून निरोप आला, मीमीची सख्खी मावशी ब्रह्मदेश सोडून कलकत्त्याला आली आहे, डमडमला ओळखीच्यांकडे उतरली आहे. तिला एकदा मुलीला बघायचंय.

रक्ताची मावशी! तिने मागितली तर? पोरीनेच तिला ओळखलं आणि गळ्यात पडली तर? भावजी म्हणत होते, कागद पक्के आहेत. शालिनी म्हणाली, "कागद पोरीला वाचता येतात का?" काकूंनी सल्ला दिला, सरळ कुलूप लावून आमच्याकडे येऊन बसा. माई म्हणाल्या, मी दारात बसते, कोण नेतंय बघू.

रविवारी सकाळी मी मदतीला खाली गेले होते. शालिनीने पोहे केले आणि त्यात मीठ घालायलाच विसरली. कडी वाजली. भावजी दार उघडायला गेले, पण त्यांच्या पायांमधून मीमी पुढे घुसली.

दारात एक सडपातळ बाई उभी होती. साधी साडी, हातात खाऊचा पुडा. मीमीला बघून ती खाली बसली, दोन्ही हात पसरले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. फार गोड बोलली असणार, कारण बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मीमीला ते समजलं. अगदी नीट समजलं, मी तिचा चेहरा बघत होते. ती वळून आमच्याकडे बघेल असं वाटलं, पण तिने वळून बघितलं नाही. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. तोवर ती मराठीत एकेक शब्दच बोलायची. त्या दिवशी स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मीमी नाही इथे. मीमी गेली."

बाईला मराठी येत नव्हती. तिने डोळे पुसत भावजींना विचारलं, "क्या बोलती है?"

भावजींनी वळून शालिनीकडे पाहिलं.

शालिनी पुढे झाली. तिने मीमीला उचलून कडेवर घेतलं, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "कहती है, मौसी, अंदर आओ."