छिंगीचा भरलेला डबा

शनिवारी कपाळाला पट्टा अडकवून, पाठीवर टोपली घेऊन पी रोकुंगी चढ चढू लागली की आमच्या डोंगरावरच्या बायका घाईघाईने आपापले डबे शोधत. दोन्ही वेळच्या भाताचे तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ चर्चसाठी डब्यात बाजूला काढायची, ही आमची रीत. ते तांदूळ पी गोळा करायची. मानाने आम्ही सगळे तिला पी म्हणत असू, आणि वचकूनही असू. डबा हातात नुसता तोलला तरी कुणाकडे मूठ चुकलीय ते तिला कळायचं. एकदा मला म्हणाली, "तुझ्या घरी देव उपाशी, आणि मांजर बघ कसं लठ्ठ." मांजर खरंच लठ्ठ होतं.

बाई वाईट नव्हती. स्वतःची मूठ तिने लग्नापासून कधी चुकवली नव्हती. बाळंतपणातसुद्धा खाटेवरून ओरडून नवऱ्याकडून काढून घेतली. चर्चमध्ये पाळक देवाच्या कृपेवर बोलू लागले की मान डोलवायची, पण बाहेर आल्यावर म्हणायची, "कृपा फुकट आहे हे फार सांगू नका, लोक शेफारतात."

तिच्या घराच्या खाली उतारावर थांगछिंगी, आमची छिंगी, राहायची. नवरा गेल्यावर तिने काही काळ घरी तांदळाची दारू करून विकली. म्हणून चर्चच्या मंडळीने तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. तांदळाबद्दल मात्र कुणी काही ठरवलं नव्हतं. ते पीने परस्पर ठरवलं. ज्या हाताने तांदूळ दारूसाठी आंबवले, त्या हाताची मूठ देवाला चालत नाही, असं तिचं म्हणणं. पुढे छिंगीने दारू सोडली, तरी पी तिच्या दारावरून सरळ निघून जायची. छिंगी डबा घेऊन उंबऱ्यात उभी असायची. मला ते बघवत नसे, पीचा संतापही यायचा.

मग एकदा पायऱ्यांवरून घसरून पीचं कमरेचं हाड मोडलं. ती एकटीच राहायची, म्हणून आम्ही आळीपाळीने तिला भात-भाजी नेऊन द्यायचो. छिंगीचीही पाळी असायची. टोपली माझ्याकडे आली. शनिवारी मी सगळ्यात आधी पीकडे गेले, तर ती रिकामा डबा पोटाशी धरून रडत होती.

"भात लोकांचा," ती म्हणाली, "चूल थंड. मूठ कशातून काढू? आता देवापुढे काय घेऊन जाऊ?"

देवाला तुमची कंबर दिसते, असं मी तिला समजावलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे तोललेल्या बाईला ते पटेना. तेवढ्यात छिंगी भात घेऊन आली. रडण्याचं कारण ऐकून ती घरी गेली आणि आपला डबा घेऊन परतली. आठवड्याच्या मुठींनी काठोकाठ भरलेला. यातले तुमच्या डब्यात घालू का, असं तिने पीला विचारलं.

पीने तो डबा हातात घेऊन सवयीने तोलला.

"एकही चुकलेली नाही," ती हळूच म्हणाली. "मी नेत नाही हे दिसत होतं तुला. मग कशाला काढत राहिलीस? मंडळीने परत घ्यावं म्हणून?"

"नाही हो पी. मी दारू विकत होते तेव्हाही देवाने मला टाकलं नव्हतं. हे कळलं, आणि मग दारूची भांडी धुऊन पालथी घातली. आता तांदूळ घेतले की हात आपोआप डब्याकडे जातो."

पीने मला टोपली पुढे ओढायला लावली. छिंगीचा अर्धा डबा तिने स्वतःच्या हाताने टोपलीत ओतला आणि चर्चमध्ये हे छिंगीचे म्हणून सांग, असं मला बजावलं. उरलेला डबा छिंगीला परत दिला. मग आम्ही इतकी वर्षं तिच्यापुढे धरत आलो तसा तिने आपला रिकामा डबा दोन्ही हातांनी छिंगीपुढे धरला.

"घाल," ती म्हणाली. "माझ्याकडे काहीच नाही."