कच्चा वर्ग आणि पंतांची मिशी

मास्तरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. आणि शाळेत कच्चा वर्ग असला की मग विचारूच नका! मी मूळचा अकोल्याचा, पण हे सगळं अमरावतीचं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतलं.

आमची शाळा कापसाच्या एका वखारीत भरायची. सीझन आला की आत कापूस आणि बाहेर आम्ही. कच्चा वर्ग तर बारा महिने बाहेरच, निंबाखाली. बाकीच्यांसारखं लिहिणं ज्यांना जमत नाही ते सगळे तिथे. कोणाला नीट दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणी चाळिशी उलटल्यावर शाळेत आलेला. त्यांना शिकवायचे वासुदेवपंत. नाशिककडचे, एकटे राहणारे, मिशी मोठी आणि बोलणं थोडं.

उस्मान पिंजाऱ्याचा हसन याच वर्गात. सहा वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. उस्मानभाई एकदा पंतांजवळ येऊन म्हणाले, "मास्तरसाब, पिंजाऱ्याले कान लागते. कापूस पिंजतानी धुनकीची तात कशी बोलून राहिली ते आयकूनच हात चालवा लागते. याले ते होत नाई. शाळाबी सुटली तं हा पोट्टा जाईन कुठं?"

आणि शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांचा हुकूम आला होता : कच्च्या वर्गातला जो लिहिण्याच्या परीक्षेत नापास होईल, त्याचं नाव शाळेतून कमी. मला त्या पोराची फार काळजी वाटायची.

*

शाळा-कमिटीवर दौलतसेठ होते. कापसाचे बडे व्यापारी. एकदा अक्षर तपासायला आले. हेडमास्तरांनी पाट्यांची चळत पुढे ठेवली, चांगल्या अक्षराच्या वर, कच्च्या वर्गाच्या खाली. सेठजींनी वरच्या पाट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. हात सरळ तळाशी घातला.

"वरचा माल कोनीबी चांगला ठेवते, मास्तर."

निघाली ती कच्च्या वर्गातली पाटी. सेठजींनी कापूस पारखायच्या सवयीप्रमाणे त्यावरून अंगठा फिरवला आणि चिमटी चोळून बघितली. अक्षरं पुसली गेली. पोरानं घाबरून पाटी नुकतीच ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लिहिली होती. सेठजींनी अंगठ्याचा वास घेऊन पाहिला आणि गंभीरपणे हेडमास्तरांना म्हणाले,

"माल ओला हाय!"

*

शामराव पाटील वर्गातले सगळ्यात मोठे विद्यार्थी. कापसाचे व्यवहार वाढले, सहीची गरज पडू लागली, म्हणून शिकायला बसले. तोवर कागदावर नांगराचं चित्र काढायचे. कुणब्याची तीच निशाणी, सरकारदरबारी चालायची.

पंतांनी महिनाभर हात धरून गिरवून घेतलं. पाटलांचं नाव सुरेख यायला लागलं. पण नाव लिहून झालं की खाली नांगर हजर! हेडमास्तर वैतागले. "पाटील, नाव लिहिता येतं ना आता? मग नांगर कशाला?"

"नाव तं कोनीबी लिहीन जी माहं," पाटील म्हणाले. "नांगर माहा हाय."

पंतांनी पूर्ण गुण दिले. शेऱ्यात लिहिलं, 'अक्षर बरे. नांगर उत्तम.'

*

गोदी नावाची एक मुलगी होती. तिला पाटीवरचं दिसायचं नाही, अक्षराला हात लावूनच ओळखायची. म्हणून पंतांनी तिला जमिनीवर सरकी मांडून लिहायला शिकवलं. शेजारच्या जिनात, कापसातून बी वेगळं काढायचे तिथे, सरकीचे ढीगच पडलेले असायचे. गोदी एकेक बी लावून मोठमोठी अक्षरं काढायची.

सहामाही परीक्षेला तिनं निंबाखाली चांगल्या तीन ओळी मांडल्या आणि हेडमास्तरांना बोलवायला आत गेली. हेडमास्तर बाहेर येतात तो काय, गाडीचा सुटलेला बैल निंबाखाली उभा आणि जमीन चाटून साफ. दुसऱ्या ओळीची एक वेलांटी तेवढी त्याच्या नाकाला चिकटलेली.

आता गुण कशावर द्यायचे? हेडमास्तरांनी विचारलं, "बरोबर लिहिलं होतंस की चुकीचं?"

गोदीनं जमिनीवरून हात फिरवला. "बैलानं काईच सोडलं नाई जी. सारं बरोबरच असन."

*

आता मिशीचं. डिप्टीसाहेबांच्या परीक्षेत मुख्य भाग म्हणजे परीक्षकानं वाक्य बोलायचं आणि मुलानं ते ऐकून लिहायचं. हसन ऐकणार कसा? पण पंतांच्या लक्षात आलं की पोरगा आपल्या आईच्या ओठांकडे बघून तिचं सगळं बोलणं ओळखतो. पंतांचं मात्र एक अक्षर ओळखत नाही. कारण पंतांचे ओठ मिशीखाली!

दुसऱ्या दिवशी पंत सफाचट मिशी काढून शाळेत आले.

आपल्याकडे बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. हेडमास्तरांनी शाळेला सुट्टी दिली. शेजारणीनं पिठलं-भाकरी पाठवली. शामराव पाटील येऊन तासभर बसले. दौलतसेठ डोक्यावर उपरणं घेऊन आले.

पंत म्हणाले, "अहो, वडील सुखरूप आहेत."

सेठजींनी डोळे पुसले. "आत्मा सुखरूपच असते जी."

पंतांनी दोन-तीनदा समजावून पाहिलं, मग नाद सोडला. एकटा माणूस, आठवडाभर मुकाट्यानं पिठलं-भाकरी खाल्ली. हसन मात्र समोर बसून पंतांचं वाक्यन् वाक्य लिहू लागला.

*

परीक्षेचा दिवस उजाडला. पाटील नांगरासकट पास झाले. गोदीच्या वेळी बैल लांब बांधून ठेवला होता, तीही पास झाली. शेवटी हसन.

पंतांनी वाक्य सांगितलं. हसननं बिनचूक लिहिलं. उस्मानभाई दाराशी उभे होते, त्यांचा चेहरा फुलला. पण डिप्टीसाहेबांनी मान हलवली. "हे तुम्ही पाठ करून घेतलेलं असणार. परक्या माणसाच्या तोंडचं, न शिकवलेलं वाक्य लिहील तरच पास."

पंतांनी आपल्या ओठांवर बोट ठेवून मग ते समोर बसलेल्यांकडे फिरवलं आणि हसनला खूण केली : आता दुसरं कोणी बोलेल, ते लिही.

डिप्टीसाहेबांनी स्वतः वाक्य सांगितलं. त्यांची मिशी अशी की ओठ आहेत हे आम्हाला फक्त ते जेवायला बसल्यावर कळलं होतं. हसन त्या मिशीकडे बघत राहिला. पाटी कोरी. हेडमास्तरांना मिशी, मला मिशी, दौलतसेठना तर कल्ले जोडलेले. पोरगा एकेकाच्या तोंडाकडे आशेनं बघत होता. डिप्टीसाहेबांनी लेखणी शाईत बुडवली.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली आणि एक म्हातारे गृहस्थ तरातरा चालत आले. पंतांचे वडील! अमरावतीचा कोणी दलाल नाशकात त्यांच्या घरी दुखवट्याला गेला होता आणि दार त्यांनीच उघडलं होतं. ते तसेच आगगाडीत बसून निघाले. काशीला जाऊन आल्यापासून म्हातारबुवा मिशी ठेवत नसत.

ते उंबऱ्यात थांबले. मुलाच्या सफाचट तोंडाकडे खालीवर बघितलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाले,

"वासुदेवा, मी केव्हा गेलो?"

वखारीत फक्त पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज. हसननं लिहिणं संपवलं, उठला आणि पाटी डिप्टीसाहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

'वासुदेवा, मी केव्हा गेलो?'

डिप्टीसाहेबांनी पाटी वाचली आणि नापास लिहायला उचललेली लेखणी खाली ठेवली. मग म्हातारबुवांना हात जोडून बसायला जागा दिली आणि म्हणाले,

"आता दुसरं वाक्य सांगा."