देवराईबाहेर आणलेली अंजनी

ओल्या पाचोळ्याचा वास आधी आला, रान नंतर. नगरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या आम्हां मुलांना ओल म्हणजे माठाचं बूड एवढीच ठाऊक. इथे फाल्गुनातल्या भर दुपारी अख्खा डोंगर भिजल्या माठासारखा गंधाळत होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत ही देवराई. शाळेच्या निसर्ग मंडळाला तिथे न्यायचं, हा आमच्या शास्त्राच्या मास्तरांचा जुना हट्ट. तिथलं अंजनीचं झाड थोडेच दिवस फुलतं आणि फुलतं तेव्हा जून फांद्याही निळ्या होतात, हे ते आम्हांला पुस्तकातून शिकवत. स्वतः मात्र त्यांनी तो बहर कधी पाहिला नव्हता. पुढच्या फाल्गुनाआधी ते निवृत्त होणार होते.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या वायूवर चालत आणि चढ आला की धापा टाकत थांबत. घाटात सगळे उतरून मोटार ढकलू लागलो. "मास्तर, तुम्ही बसा," असं मुलं म्हणेपर्यंत ते धोतर खोचून सर्वांच्या पुढे. मोटार चढली, मास्तरांचा गुडघा मात्र घाटातच राहिला.

ओढ्यापर्यंत त्यांना बैलगाडीनं आणलं. पुढची वाट उभ्या दगडांची होती. काठी टेकून त्यांनी चढून पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि काठच्या शिळेवर बसले.

"जा तुम्ही. मी भाकऱ्या राखतो."

"फूल घेऊन येतो, मास्तर!" मुलं ओरडली.

वाट दाखवायला वाडीतली एक म्हातारी आली होती. ती गर्रकन वळली. "फूल? देवाच्या रानातलं वाळलं पान बी न्यायचं न्हाई. आन् त्या वहाना हितंच काढा."

"वास नेला तर चालेल का, आजी?" मी विचारलं.

"त्यो ने की, बाय! त्यो काय देव मोजून ठिवतोय व्हय?"

सगळे हसले. मी मात्र तिचं बोलणं मनावर घेतलं. अंजनीखाली इतर मुलं हाका मारत, माना उंचावत हिंडत होती, तेव्हा मी खोडावर तळवे टेकून, डोळे मिटून उभी राहिले. घागर भरून घ्यावी तशी.

परतल्यावर मुलांनी मास्तरांना गराडा घातला. "निळं होतं, मास्तर! लई निळं!"

"असं?" ते हसले, पण नजर वरच्या झाडोऱ्यातच होती. माझ्या शास्त्राच्या वहीतली सगळी 'रम्य' आणि 'मनोहर' ते तांबड्या शाईनं खोडून टाकत. आता मला म्हणाले, "कवयित्रीबाई, तुम्ही सांगा. विशेषणं नकोत हं. फूल हवंय मला."

मी त्यांच्या पायाशी बसले.

"पायांखाली गार लागतं. पाकळ्या गळून जमीन निळी झालीय, त्यामुळे पाऊल टाकवत नाही. कळी ज्वारीच्या दाण्याएवढी, गुलाबी. उमलली की नीळ पाण्यात सोडल्यावर पहिल्या क्षणी दिसतो, तो रंग. देठ शोधायला जावं तर फुलं फांदीच्या सालीलाच बिलगलेली. खोडाला हात लावला की आत कुणी गुणगुणतंय असं वाटतं. वर लगडलेल्या मधमाश्यांचा तो नाद. वास पहिल्यांदा येतच नाही. श्वास सोडून दिला, की मागाहून येतो. पोळं नुकतं कापावं, तसा."

मास्तरांनी डोळे मिटले होते. ओढा वाहत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी श्वास सोडला, जरा थांबले, आणि काठी हळूच शिळेला टेकवून ठेवत मला म्हणाले,

"पोहोचलो."