छोट्या लाइनचा काटेवाला
ग्वाल्हेर स्टेशनाबाहेर शोभेला ठेवलेल्या छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीच्या, इंजिनाला परवा काळा रंग देत होते, आणि त्या वासाने मला एक सकाळ आठवली. मी तेव्हा तिथे सहायक स्टेशन मास्तर होतो. रीत अशी, की काटेवाल्याने काटा, म्हणजे रुळांचा सांधा, गाडीच्या वाटेला बसवून हात वर करायचा आणि मगच मी हिरवी झेंडी दाखवायची. त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता, छतावर बसलेले लोक ओरडत होते. त्याचा हात वर झालेला नसताना मी झेंडी दाखवली आणि इंजिन रुळांवरून घसरले. कुणी मेले नाही, पण चौकशी बसली. साहेबांसमोर काटेवाल्याने मलाच विचारले, "बाबूजी, मी हात केला होता का? तुम्ही तर समोरच होता." माझी नोकरी नवी होती. मी म्हणालो, "केला होतास." त्याला काढून टाकले. पुढे तो त्याच फलाटावर हमाली करायचा आणि दिसलो की नमस्कार करायचा. काल मी कंपू मोहल्ल्यात त्याच्या मुलीकडे जाऊन सगळे खरे सांगितले. ती चहा गाळत म्हणाली, "काका, आता कशाला? बाबा तर जाईपर्यंत म्हणत राहिले, बाबूजी खोटं नाही बोलणार, माझाच हात वर गेला असेल."